सॉरी आणि स्वारी

एकदा एका शब्दाने एका विद्वान माणसाला चांगलेच अडचणीत आणले. शब्द इंग्रजी होता, जेमतेम दोन अक्षरांचा होता, आणि हा माणूस तोच शब्द लोकांना शिकवून मोठा झाला होता.

दृष्टांतातल्या माणसांना नावे नसतात, असा जुना संकेत आहे. एक साधू, एक शिष्य, एक व्यापारी, एवढ्यावर काम भागते. मीही तो संकेत पाळणार आहे. इथे एक गुरुजी आहेत आणि एक शिष्य आहे. फक्त शिष्याच्या थोरल्या बहिणीला मी नाव देणार आहे. तिचे नाव द्वारका. नियम तिच्यापुरता का मोडला, ते पुढे कळेल.

शिष्य आता पंचेचाळिशीचा. सांगलीत तो इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवी. वर्ग जोरात होते. दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी तो फळ्यावर तीन शब्द लिही: प्लीज, सॉरी, थँक्यू. हे तीन जादूचे शब्द, यांनी कुठलेही दार उघडते, असे तो सांगे. मुले वहीत उतरवून घेत. त्यांचे एक सोडा, त्याचा स्वतःचाही यावर विश्वास होता.

गुरुजी ऐंशीच्या पुढचे. जत तालुक्यातल्या शिष्याच्या गावी त्यांनी तीस वर्षे इंग्रजी शिकवले, आणि निवृत्तीनंतर ते सांगलीत लेकीच्या शेजारी दोन खोल्यांत राहू लागले. त्यांना एकच व्यसन होते. शब्द माणसांच्या तोंडात गेल्यावर कसे बदलतात, ते टिपून ठेवायचे. ठेसन, मिष्टेक, इस्पितळ, डागदर. एका शब्दाला एक चिठ्ठी, आणि चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. डबे एकवीस होते. लेक म्हणायची, बाबांच्या घरात बिस्किटं सोडून बाकी सगळं डब्यांत आहे.

दिवाळीला आठ दिवस उरले असताना शिष्य त्यांच्याकडे आला. वाकून नमस्कार केला, समोरच्या स्टुलावर बसला आणि बराच वेळ पायांकडे बघत राहिला.

"काय झालं?" गुरुजींनी विचारले.

"गुरुजी, अक्का यंदा भाऊबीजेला येणार नाही म्हणते. गुडघा दुखतो म्हणते. मीच येतो म्हटलं, तर म्हणाली, नको, घरात रंगकाम काढलंय. चाळीस वर्षांत असं झालेलं नाही. ती आजारी होती तेव्हासुद्धा एस.टी.नं आली होती, हातात निरांजन घेऊन."

"मग खरं कारण काय?"

शिष्याने सांगितले. सांगताना त्याचा स्वर थोडा कुरकुरीचा होता, हे इथे नोंदवले पाहिजे.

यंदाच्या आषाढात त्याच्या वर्गांना दहा वर्षे झाली. मोठे सभागृह घेतले होते. अक्काला आणायला गाडी पाठवली होती. ती इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली. भाषणात शिष्य सांगू लागला, की मी कुठल्या घरातून आलो बघा. इंग्रजीचा गंध नसलेल्या घरातून. आणि लोक जरा पेंगुळलेले दिसले म्हणून त्याने एक गंमत सांगितली. माझी अक्का आजही सॉरीला 'स्वारी' म्हणते. एस.टी.च्या गर्दीत कुणाच्या पायावर पाय पडला की हात वर करून म्हणते, "स्वारी, स्वारी!" पुढचे प्रवासी घाबरून बाजूला होतात, त्यांना वाटतं पेशवे निघाले मोहिमेवर!

सभागृह हशाने दणाणले. चारशे माणसे हसली. अक्काही हसली, पदर तोंडाला लावून, इकडेतिकडे बघत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने ती गावी निघून गेली.

"चूक झाली, मान्य आहे," शिष्य म्हणाला. "पण मी काय करायचं बाकी ठेवलंय सांगा. फोनवर सॉरी म्हटलं. मेसेज केला, हात जोडलेलं चित्र टाकलं. कुरिअरनं साडी पाठवली, आत चिठ्ठी लिहिली. भाचा तर उलट माझ्यावरच चिडतो. म्हणतो, आई आता एस.टी.त कुणाला धक्का लागला तरी तोंड मिटून उभी राहते. आता याला मी काय करू? सॉरी म्हटलं ना! किती वेळा म्हणायचं माणसानं?"

गुरुजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी खुर्चीला टेकवलेली आपली काठी उचलली, तिचे लोखंडी टोक शिष्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर नेमके ठेवले आणि दोन्ही हातांनी तिच्यावर भार दिला.

शिष्य कळवळला. चपला दाराबाहेर होत्या.

"सॉरी," गुरुजी म्हणाले. काठी जागची हलली नाही. "चहा घेणार का?"

शिष्याला वाटले, म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात आले नसेल. गुरूला कसे सांगावे? तो अवघडून म्हणाला, "गुरुजी... काठी..."

"सॉरी," गुरुजी पुन्हा म्हणाले, आणि जरा पुढे वाकले, त्यामुळे भार वाढला. "तुझ्या वर्गात यंदा मुलं किती?"

"गुरुजी, अंगठा!"

"अरे, सॉरी म्हटलं ना!" गुरुजी त्रासिक आवाजात म्हणाले. "किती वेळा म्हणायचं माणसानं?"

"अहो, पण काठी अजून तिथंच आहे!"

गुरुजींनी काठी उचलली. शिष्य अंगठा दोन्ही हातांत धरून बसला. नख काळेनिळे पडू लागले होते. गुरुजींनी आत हाक मारून चहा सांगितला, आणि मग बोलले.

"फार जुन्या इंग्रजीत एक शब्द होता, 'सार'. त्याचा अर्थ जखम, वेदना. आज तोच शब्द 'सोअर' म्हणून उरलाय. आपण म्हणतो ना, दुखरा, ठसठसणारा, तो. त्या 'सार'पासून झालं 'सारिग', आणि त्याचं पुढं सॉरी. म्हणजे मुळात सॉरी म्हणणारा माणूस माफी मागत नव्हता. तो फक्त सांगत होता, मला दुखतंय. पुढं शब्द घसरत गेला. दीनवाण्या, टाकाऊ वस्तूलाही सॉरी म्हणू लागले. मग तो माफीचा झाला, आणि अलीकडं तर समोरच्याचं ऐकू आलं नाही तरी आपण सॉरी म्हणतो. दुखण्यापासून निघालेला शब्द बहिरेपणापर्यंत आला. त्याला मी नावं ठेवत नाही, शब्द असेच चालतात. आपल्याकडं तरी काय? दिलगीर हा फारशीतून आला. ज्याचं काळीज कुणीतरी मुठीत धरलंय, तो दिलगीर. आणि आता वर्तमानपत्रात मुद्रणदोष झाला की कोपऱ्यात छापतात, दिलगीर आहोत. काळीज कुणाच्या मुठीत असतं तिथं?"

शिष्य हसला नाही. गुरुजींनी विचारले, "तू अक्काला सॉरी म्हणालास, तेव्हा तुला दुखत होतं?"

शिष्य प्रामाणिकपणे म्हणाला, "नाही. राग येत होता. ती विषय संपवत का नाही म्हणून."

"आणि काठी? ती कुठं आहे?"

"कुठली काठी, गुरुजी?"

"जी अजून तिच्या अंगठ्यावर आहे ती. चार महिन्यांनीही एखादी गोष्ट दुखत असेल, तर माणूस हट्टी असतो किंवा काठी जागेवर असते. द्वारका हट्टी नाही. मी तिला ओळखतो."

शिष्याचा चेहरा हळूहळू उतरला. काठी कुठे आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्या भाषणाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ त्याच्या वर्गाच्या इंटरनेटवरच्या पानावर होता. खाली लिहिले होते, 'तुम्हीही स्वारी म्हणता का? आजच प्रवेश घ्या.' एकसष्ट हजार लोकांनी तो पाहिला होता. गावातली पोरे पारावर बसून तोच लावत, आणि अक्का दळण घेऊन समोरून गेली की एखादा ओरडे, "स्वारी, अक्का!" भाच्याने हेही फोनवर सांगितले होते. शिष्याने त्यावरही सॉरी म्हटले होते.

त्याने खिशातून फोन काढला. काही क्षण तो नुसताच हातात धरला. मग व्हिडिओ काढून टाकला. तो व्हिडिओ वर्गाला चांगले प्रवेश मिळवून देत होता, त्यामुळे त्याला जरा हळहळ वाटली. मला वाटते, ते सांगायला हरकत नाही. माणूस एका दुपारीत संत होत नसतो.

चहा आला. दोघांनी घेतला. अंगठा ठसठसत होता. बशी खाली ठेवताना शिष्याने शेवटचा बचाव करून पाहिला.

"तरी गुरुजी, एवढं तरी खरं ना, की ती चुकीचं बोलत होती? शब्द स्वारी नाहीच."

गुरुजींच्या डोळ्यांत एकदम चमक आली. शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे भुकेल्याला जेवणाचे आमंत्रण.

"अरे, इंग्रजांनी काय केलं ते ऐक. त्यांच्या जुन्या शब्दात 'सा' होता. त्याच्या शेजारी अर्थानं जवळचा, पण वेगळ्या मुळाचा एक शब्द राहत होता, 'सॉरो', म्हणजे दुःख. ऐकायला सारखे, म्हणून लोकांनी शेजारच्याच्या वळणानं याचाही 'सॉ' केला, असं कोशकार म्हणतात. अनोळखी पाहुणा ओळखीच्या माणसासारखा दिसला, की आपण त्याला त्याच नावानं हाक मारतो. तुझ्या अक्कानं तरी दुसरं काय केलं? तिच्या घरात सॉरी कुणी नव्हता, स्वारी होती. चूक म्हणायचीच तर आख्ख्या इंग्लंडाला द्वारकेच्या शेजारी बाकावर उभं कर."

एवढे बोलून ते उठले. कपाटातून एक गंजलेला डबा काढला आणि चिठ्ठ्या चाळू लागले. कागद पिवळे पडले होते. बराच वेळ शोधून त्यांनी एक चिठ्ठी शिष्याच्या हातात ठेवली. गुरुजींचे तेच ठसठशीत अक्षर होते:

'सॉरी. उच्चार: स्वारी. इयत्ता पाचवी, इंग्रजीचा पहिला आठवडा. बोलणारा: द्वारकेचा भाऊ.'

शिष्याने ती दोनदा वाचली.

"तूच," गुरुजी म्हणाले. "तेव्हा पाचवीत इंग्रजी सुरू व्हायचं. मी सॉरी शिकवला, तू उठून मोठ्यानं स्वारी म्हणालास. वर्ग हसला नाही, कारण वर्गालाही ठाऊक नव्हतं. मी सुधारायला दुसरा दिवस घेतला. पण त्याच संध्याकाळी तू घरी जाऊन तो अक्काला शिकवलास. तुमची आई गेली तेव्हा ती चौथीत होती. तुझ्यासाठी ती घरी बसली ती बसलीच. तू शाळेत जायला लागल्यावर रोज तुला सोडायला यायची आणि माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर थोडी रेंगाळायची. त्या आठवड्यात मला म्हणाली, 'गुरुजी, आमच्या धाकट्यानं मला बी इंग्रजी शिकवलं. एक शब्द आला मला.' मी तिला दुरुस्त केलं नाही. तुला केलं, तिला नाही. ती चूक माझी, ती मी कबूल करतो. पण तिनं तो शब्द पस्तीस वर्षं जपला, तू दिलास तस्सा. आणि तू भर सभेत तिला विचारलंस, ही कसली घाण उचललीस?"

आता शिष्याला दुखत होते, आणि ते अंगठ्यात नव्हते.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि सवयीने पुन्हा फोन काढला. "आत्ताच तिला फोन करून सांगतो, व्हिडिओ काढला म्हणून."

गुरुजींनी काठी नुसती उचलून दाखवली. शिष्याने पटकन पाय मागे घेतला.

"सॉरी पाठवता येतं रे," गुरुजी म्हणाले. "फोननं जातं, कुरिअरनं जातं. स्वारीला मात्र स्वतःच निघावं लागतं. चिठ्ठी घेऊन जा. डब्यात परत आणून दिलीस तरी चालेल, नाही दिलीस तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी शिष्य सकाळच्या एस.टी.ने निघाला. गाडी असताना एस.टी.ने का, हे त्यालाही नीट सांगता आले नसते. पायात स्लिपर होत्या, कारण बुटात अंगठा जात नव्हता.

अक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. भिंतींना नवा रंग वगैरे काही दिसत नव्हता. लहानपणी तो शाळेतून, विहिरीवरून, कुठूनही घरी आला, की ही चुलीपुढूनच ओरडायची, "आली का स्वारी?" मोठा होऊन नोकरीला लागला, तरी हेच. आज तिने मान वर केली आणि नुसते म्हणाली, "आलास? बस. पाणी आणते."

तो जो शब्द ऐकायला दोन तास उभा राहून आला होता, तो तिने गिळला होता. त्याच्याकडे तयार करून आणलेली चार वाक्ये होती. ती न म्हणता त्याने चिठ्ठी पुढे केली.

"ह्यो कसला कागूद?"

"वाच की, अक्का."

अक्काने शेंगांचे हात पदराला पुसले, कागद लांब धरला आणि अक्षरांखालून बोट फिरवत वाचू लागली. "सॉ-री. उच्चार स्वा-री. इयत्ता पाचवी..." बोट खालच्या ओळीवर थांबले. "द्वार... द्वारकेचा भाऊ." तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली, या वेळी मनातल्या मनात. तिचे नाव कुणी शाईने लिहून इतकी वर्षे जपून ठेवले असेल, असे तिला कधी वाटले नव्हते.

"ह्ये आपल्या गुरुजींचं अक्षर न्हवं?"

"व्हय."

"म्हंजी आदी तूच चुकला हुतास व्हय रं?"

"व्हय, अक्का," तो म्हणाला. "मीच चुकलो."

हे पाचवीतल्या पोराने म्हटले की पंचेचाळिशीतल्या माणसाने, ते अक्काने विचारले नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. आपली पुन्हा थट्टा तर चाललेली नाही ना, एवढे तिला बघायचे होते. बघता बघता तिची नजर त्याच्या पायाकडे गेली.

"आन् ह्ये रं काय? आंगठा केवढा सुजलाय!"

"गुरुजींनी काठी रुतवली."

"आजून?" अक्काचे डोळे मोठे झाले. "डोस्क्यावर निम्मं क्यास न्हाईत तुझ्या, आन् आजून मार खातोस व्हय गुरुजींचा?" आणि ती हसली. पदर तोंडाला न लावता, मागे रेलून, शेंगांची टोपली कलंडेपर्यंत हसली. मग हसणे थांबवून तिने वाकून त्याचा अंगठा बोटाने हळूच चाचपला.

"दुखतंय?"

"दुखतंय, अक्का," तो म्हणाला. "लई दुखतंय."

फळ्यावर हजारदा लिहिलेला तो शब्द त्याने त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला, आणि तो इंग्रजीत नव्हता. अक्काला शब्दांची कुळकथा ठाऊक नव्हती, पण दुखणे कुठले आहे ते तिला कळले. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, एकदाच, आणि हळद आणायला उठली. चांगली ताडकन उठली.

"अक्का, गुडघा?"

"बरा हाय त्यो आता." उंबऱ्यात ती थांबली. चार महिने मिटून ठेवलेले तोंड उघडायला तिला एक क्षण लागला. मग तिने आतल्या सुनेला हाक दिली, पारावर ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात, "अगं, च्या टाक! स्वारी आलीया आमची!"

चिठ्ठी गुरुजींच्या डब्यात परत गेली नाही. ती द्वारकेच्या देव्हाऱ्यात आहे, असे मी ऐकतो. आणि शिष्य आता पहिल्या दिवशी फळ्यावर दोनच शब्द लिहितो. तिसऱ्याची जागा मोकळी सोडतो आणि मुलांना सांगतो, हा घरी जाऊन शिकायचा आहे.

तुम्हा-आम्हालाही सॉरी म्हणायची वेळ रोज येते. जरूर म्हणावे, पण आधी खाली वाकून बघावे, आपली काठी कुणाच्या अंगठ्यावर आहे.